कॉल्विन मागे फिरत नाहीत

आर्डिथ कॉल्विनने अल्डर फोर्कच्या शाळेची पिवळी बस तीसएक वर्षं चालवली. ओरेगनच्या डोंगरातलं आमचं गाव, चारही बाजूंनी फरची झाडं, आणि रस्ते असे की सरळ जाणं हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही. गावातली निम्मी माणसं तिच्या बसच्या आरशात मोठी झाली. आजचा आमचा शेरीफ, कमरेला पिस्तूल लावून हिंडणारा भला दांडगा गडी, पण तिला समोरून येताना बघितलं की खिशातले हात बाहेर काढतो. सहावीत असताना त्याने सीटखाली च्युइंगम चिकटवलं होतं आणि ते तिने त्याच्याच नखांनी खरवडून घेतलं होतं.

आर्डिथचा एक नियम होता. शंका आली की गाडी वळवायची. पुलावर पाणी दिसलं, रस्त्यात दगड आलेले दिसले, बर्फ जरा निसरडं वाटलं, की ती बस थांबवायची, जागा बघून वळवायची आणि पोरांना घरी नेऊन सोडायची. आया कुरकुरायच्या. "थोडा पाऊस काय पडला, ही बाई परत!" आर्डिथ म्हणायची, "पोरं मोजून नेली, मोजून आणली. अजून काय हवंय?" एकही पोर तिच्या हातून दुखावलं नाही, आणि मला वाटतं, एवढी फुशारकी मारायचा हक्क तिला होता. पण तिने ती कधी मारली नाही. घरात फुशारकी मारायला नवरा होता.

लाइल कॉल्विन म्हणजे माणूस सोन्यासारखा, फक्त कॉल्विन असण्याचा रोग झालेला. त्याचा खापरपणजोबा एसाहेल बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर हजारो मैल चालून या डोंगरात आला. तेव्हा इथे रस्ता नव्हता. एक उतार इतका उभा की गाड्यांना मागून दोर बांधायचे, दोराचे वेढे झाडाच्या बुंध्याला घालायचे आणि हळूहळू सोडत गाडी खाली उतरवायची. दोराने कापलेले ते बुंधे अजून तिथे आहेत. एसाहेलची बायको फिल्युरा त्या उताराच्या वरच आजारी पडली. पीठ संपलं होतं. एसाहेल तिला गाडीत ठेवून खालच्या वस्तीवरून पीठ आणायला चालत निघाला. वाटेत भेटलेल्या लोकांनी त्याला सांगितलं, वर बर्फ पडतंय, बायकोकडे परत जा. तो म्हणाला, "कॉल्विन मागे फिरत नाहीत." पीठ घेऊन तो आला तेव्हा मागून आलेल्या परक्या माणसांनी फिल्युराला गाडीच्या फळ्यांच्या पेटीत घालून रस्त्याकडेला पुरलं होतं.

यात फुशारकी मारण्यासारखं काय आहे ते देव जाणे, पण कॉल्विनांनी मारली. लाइलच्या आजोबांनी तर तापल्या सळईने ते वाक्य देवदाराच्या फळीवर कोरून दारावर ठोकलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि यांचा सुंभ तर अजून जळलेलाही नव्हता.

लग्न होऊन आली तेव्हा आर्डिथने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली आणि विचारलं, "म्हणजे ती एकटीच मेली?"

जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "बटाटे घे, बाळ."

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, मेपलची पानं लाल झाली की, लाइल आणि आर्डिथ त्या जुन्या गाडीवाटेने पिकअप घेऊन जायचे. आता ती वाट खडीची आहे, सरकारने तिला सुंदर वनमार्ग असं नाव दिलंय, जागोजागी बैलगाडीच्या चित्राचे फलक लावलेत. फिल्युराच्या थडग्यावर दगडांचा ढीग आहे. आमच्याकडची रीत अशी की जाणाऱ्याने आपल्या घराजवळचा दगड न्यायचा आणि तिथे ठेवायचा. ओळखीचा असो, नसो. लांबच्या राज्यांतल्या गाड्यासुद्धा थांबतात आणि रस्त्यातलाच एखादा खडा उचलून ठेवतात. लाइल मात्र आपल्या परसातल्या ओढ्यातून दगड निवडायचा, धुवायचा, खिशात घालायचा.

लाइलने आयुष्यभर सॉमिलमध्ये देवदाराच्या फळ्या कापल्या. तो भुसा त्याच्या छातीत जाऊन बसला. ही गोष्ट घडली त्या वर्षी त्याच्या नाकाला नळी लागली, पायाशी ऑक्सिजनचा सिलिंडर आला. डॉक्टरीणबाईंनी आर्डिथला बाजूला घेऊन सांगितलं की यंदाचा हिवाळा काढला तर पुष्कळ. लाइलने ते दाराआडून ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"आर्डी, शनिवारी जायचं," तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणे! ऑक्टोबर संपत आला. म्हातारीला दगड कोण नेऊन देणार?"

"जनेलला विचारते."

"जनेल माझी मुलगी आहे, आई नव्हे. ती नाही म्हणेल. मग तू नाही म्हणशील. मग मी इथे खुर्चीत बसून छताच्या फळ्या मोजीन."

म्हणून त्यांनी जनेलला सांगितलं की चर्चमध्ये सूपचं जेवण आहे, तिकडे जातोय. आयुष्यात पहिल्यांदा आर्डिथ कुठे जाते ते खोटं सांगून निघाली. एक सिलिंडर लाइलच्या पायाशी, एक सीटमागे. थर्मासमध्ये कॉफी, हकलबेरी या रानफळाची पाय-पेस्ट्री, मांसाच्या वडीची सँडविचं. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या गॅरेजमध्ये खिळ्यावर लटकत होत्या. ऑक्टोबरात त्या कोण काढतं?

सकाळ मोठी छान होती. डांबरी रस्ता सोडून गाडी जंगलात शिरली आणि ऊन फरच्या शेंड्यांवर राहिलं, खाली हिरवा अंधार. मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते. लाइलने खिडकी खाली केली, नळी नाकाशी धरून वास घेतला आणि गोष्ट सांगायला लागला. तीच गोष्ट. वाक्यावाक्याला थांबत.

"इथे... बैलांना पाणी पाजलं."

"माहीत आहे."

"इथे त्यांनी... बायकोची शिवणाची पेटी टाकली. ओझं कमी करायला."

"आणि बायकोला पुढे टाकलं."

"आर्डी, तू चाळीस वर्षं... तेच बोलतेस."

"चाळीस वर्षं तेच ऐकतेय."

दोघं हसली. हसताना त्याला ढास लागली आणि तिने गाडी कडेला घेऊन त्याची पाठ चोळली. ऑक्सिजनचा काटा बघितला. भरपूर होता.

चढ संपता संपता ऊन गेलं. बर्फाचे पहिले कण काचेवर आले, मग वायपर लावावा लागला, मग खडी पांढरी झाली. पुढे फलक होता: हिवाळ्यात या रस्त्याची देखभाल होत नाही. आर्डिथने गाडी थांबवली. जागा बघितली. वळायला पुरेशी होती.

"फिरवते," ती म्हणाली.

"थडगं खालच्या वळणापाशी आहे. आलोच की."

"साखळ्या नाहीत, लाइल."

"कॉल्विन मागे..."

"ते वाक्य पुरं केलंस तर इथेच उतरवीन तुला."

लाइलने खिशातला दगड काढून मांडीवर ठेवला. मग समोर बघत, आवाज न चढवता म्हणाला, "बरं. फिरव. पुढच्या वर्षी येऊ आपण. काय?"

आर्डिथने फलक पुन्हा वाचला. दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून ती तशीच बसली. तीसएक वर्षं जे केलं नाही ते तिने केलं. शंका असताना गाडी पुढे घातली.

उतारावर पिकअपचं मागचं टोक आधी घसरलं. आर्डिथने ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग घसरणीकडे वळवलं, जे करायचं ते सगळं केलं, आणि तरीही गाडी शांतपणे, घाई नसल्यासारखी, आडवी झाली. मागची दोन्ही चाकं चरात गेली.

"लागलं का तुला?"

"नाही. तुला?"

"नाही."

तिने चाकांखाली पायपुसणी घातली, फांद्या तोडून घातल्या, हाताने बर्फ उकरलं. चाकं जागच्या जागी फिरली आणि चर आणखी खोल झाला. फोनला रेंज नव्हती, या डोंगरात ती कधीच नसते. तिने हॉर्न वाजवला, तीनतीनदा, थांबून थांबून. जंगलाने तो गिळून टाकला. कोणी येणार नाही हे तिला कळत होतं. जनेलच्या लेखी ती दोघं चर्चमध्ये सूप पीत होती ना!

इंजिन मधूनमधून चालू करून ती आतली ऊब राखत होती. थंडीत लाइलचा श्वास जड झाला, ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या. नळीचा प्रवाह वाढवावा लागला. पहिला सिलिंडर संपला तेव्हा दुसरा जोडताना सिलिंडरची चावी तिच्या हातून दोनदा पडली. वाढवलेल्या प्रवाहाने हा किती पुरेल याचा हिशेब दोघांनीही मनातल्या मनात केला.

मग लाइल म्हणाला, "जा."

"कुठे जाऊ?"

"खाली. थडग्यापुढे... ओढ्याचं कुरण आहे. एल्क हरणांच्या शिकारीला येणारे... तिथे तंबू ठोकतात."

"गेल्या वर्षी नव्हते."

"त्याआधी होते."

"आणि नसले तर?"

"आर्डी." त्याने तिच्या कोटाची बटणं लावायला सुरुवात केली, वरून खाली, एखाद्या पोरीची लावावीत तशी. "इथे बसून तू काय करणार? माझ्याऐवजी श्वास घेणार? जा. मागे वळून बघू नकोस."

ती गेली. जीव मुठीत धरून म्हणतात तशी गेली. बर्फ घोट्यांच्या वर होतं. तिचे गुडघे आधीच कुरकुरणारे, त्यात बूट चर्चला घालायचे. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा उठायच्या आधी मोठ्याने ओरडली, "अरे कोणी आहे का?" आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू फुटलं. झाडांवरचं बर्फ मधूनच धप्पकन खाली यायचं आणि तिला वाटायचं कोणी आलं. कोणी आलं नव्हतं.

थडगं आलं. दगडांचा ढीग पांढरा झाला होता, एखादं माणूस पांघरूण घेऊन झोपावं तसा. आर्डिथ तिथे धाप टाकत उभी राहिली. इतक्या वर्षांत ती दरवेळी नवऱ्याबरोबर इथे आली, त्याने दगड ठेवला, टोपी काढली, ती बाजूला उभी राहिली. आज ती एकटी होती आणि तिला थडगं दिसत नव्हतं. तिला गाडी दिसत होती. कापडी छताची, बंद. आत फिल्युरा, कान बाहेर लावून. पावलं वाजतात का? आला का? किती वेळ तिने कान लावले असतील? पीठ काय कामाचं होतं तिच्या?

"सांग ना गं," आर्डिथ त्या ढिगाला म्हणाली. "काय करू?"

दगड कसले बोलतायत. ती पुढे चालत राहिली, पुढच्या वळणापर्यंत. तिथे ओढ्याचा आवाज मोठा होता. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं, बर्फ आडवं येत होतं. ना धूर दिसला, ना माणसाचा आवाज आला. तिने मागे बघितलं तर तिची पहिली पावलं बुजायला लागली होती. पुढे कोण असेल, असेल की नसेल, काही ठाऊक नव्हतं. मागे कोण आहे ते ठाऊक होतं.

शंका आली की गाडी वळवायची. आर्डिथ वळली.

परत जाताना चढ होता, पण तो तिला आठवत नाही. पिकअप दिसला तेव्हा काचा आतून धुरकटल्या होत्या. तिने दार उघडलं. लाइल आपल्या जागेवर नव्हता. नळी ओढत, सिलिंडर ओढत, तो तिच्या सीटवर सरकून बसला होता. तिच्या जुन्या लोकरी जाकिटात, जे ती नेहमी सीटच्या पाठीला अडकवून ठेवायची, त्याने तोंड खुपसलं होतं. दाराची कडी त्याने आतून गच्च धरली होती, ती सोडवावी लागली.

"का आलीस?" तो म्हणाला. आणि मग एक शिवी दिली, जी या कागदावर नको. "कोणी भेटलं?"

"नाही."

"मग... का आलीस?"

"सरक. माझी जागा आहे ती."

तो सरकला नाही. ती तशीच त्याच्या शेजारी कशीबशी शिरली आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तो लहान मुलासारखा कापत होता. ज्या माणसाने सॉमिलमध्ये तुटलेलं बोट रुमालात गुंडाळून कामाची पाळी पुरी केली होती, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवायची त्याच्यात ताकद नव्हती.

मग तो म्हणाला, "मला भीती वाटली, आर्डी."

"कशाची?"

"तू पण... मागे फिरणार नाहीस."

नंतर तो फारसा बोलला नाही. तिने पेस्ट्रीचा तुकडा त्याच्या ओठाला लावला, त्याने जिभेने हकलबेरीचा रस चाखला. गोष्ट सांग म्हणाला. म्हणून तिने सांगितली, बैलांना कुठे पाणी पाजलं, शिवणाची पेटी कुठे टाकली, आणि शेवट मात्र तिने बदलला. काटा तळाला आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. लाइलचे श्वास लांब लांब होत गेले, आणि एकानंतर दुसरा आला नाही. तिने वाट बघितली. मग तिने नळी काढून घेतली, कारण त्याला ती कधीच आवडली नव्हती.

तिन्हीसांजेला खालून दिवे आले. साखळ्या लावलेला एक मोठा ट्रक आणि त्यात दोन शिकारी, बर्फ वाढतंय म्हणून तंबू गुंडाळून निघालेले. त्यातला ग्रॅडी नावाचा माणूस, लाल दाढीचा, टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. मनाने फार चांगला माणूस. त्यानेच लाइलला उचललं, आपलं पांघरूण घातलं. आणि चांगल्या माणसाच्याच तोंडून निघावं असं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

"अरेरे, बाई! आम्ही तर दुपारभर तंबूतच होतो, स्टोव्ह पेटवून. थडग्यापुढचं ते वळण आहे ना, त्याच्या लगेच पलीकडे. वळणावर आला असतात तर धुराचा वास आला असता तुम्हाला."

आर्डिथ म्हणाली, "मी आले होते वळणावर."

ग्रॅडीला काही समजलं नाही. तो म्हणाला, "वारा उलटा होता वाटतं."

जनेलला ते समजलं. अंत्यविधी होईपर्यंत तिने धीर धरला, मग स्वयंपाकघरात, लोकांनी आणून दिलेल्या पदार्थांच्या भांड्यांमध्ये उभी राहून विचारलं, "आई, आणखी चार पावलं तुला टाकवली नाहीत? त्यांच्याकडे ट्रक होता. साखळ्या होत्या!" आर्डिथ भांड्यांवर झाकणं ठेवत राहिली. काय सांगणार? दवाखाना दोन तासांवर, सिलिंडर तेवढा पुरला असता की नसता, हे ती रोज पहाटे उठून स्वतःलाच विचारत होती. काही दिवशी लाइल वाचायचा, काही दिवशी वाचायचा नाही. हिवाळाभर मायलेकी दूध आणि बर्फ सोडून कशावरही बोलल्या नाहीत. बसवाली आर्डिथ बाई, जिने गावाची सगळी पोरं घरी आणली, ती आपल्या नवऱ्याला आणू शकली नाही, असं गावात कोणी म्हणालं नाही. पण तिला ते ऐकू यायचं.

मे महिन्यात रस्ता मोकळा झाला. जनेल न सांगता आली, म्हणाली, "चल, दाखव." दोघी गेल्या. थडग्यापाशी त्या थांबल्या नाहीत. वळणावर आर्डिथने गाडी थांबवायला सांगितली. जनेल उतरली आणि पुढे कुरणापर्यंत चालत गेली, आणि लगेचच परत आली. फार लगेच.

"एवढंसं आहे, आई," ती म्हणाली. तिने हाताने कुरणाकडे दाखवलं.

"हो."

"एवढंसं!"

मग आर्डिथने तिला सांगितलं, गाडीत तिच्या सीटवर कोण बसलं होतं, जाकिटात तोंड खुपसून, आणि काय म्हणालं. तोवर तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. जनेल ऐकत होती. ती बॉनेटला टेकून जंगलाकडे बघत राहिली. तिने आईला माफ केलं का, हे आर्डिथने विचारलं नाही, जनेलने सांगितलं नाही. पण घरी आल्यावर तिने स्टूल घेऊन दारावरची फळी उतरवली आणि गॅरेजमध्ये साखळ्यांच्या खाली उभी करून ठेवली.

लाइलचा तो ओढ्यातला दगड आर्डिथने त्या दिवशी बरोबर नेला होता. फिल्युराला नाही दिला. तिने तो वळणावर, ती जिथून फिरली तिथे, रस्त्याच्या कडेला ठेवला.

आमच्या या वाटेवर लोकांना एक दगड ठेवलेला दिसला की राहवत नाही. जूनमध्ये तिथे पाचसहा दगड झाले, ऑगस्टमध्ये गुडघाभर ढीग. आर्डिथ आता एकटी जाते, साखळ्या उन्हाळ्यातही गाडीत ठेवते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती तिथे उभी होती तेव्हा नेब्रास्का राज्याच्या नंबरपाटीची गाडी थांबली. तिच्याच वयाची एक बाई उतरली, नवरा आत नकाशा बघत होता. बाईने हळू आवाजात, थडग्यापाशी बोलतात तसं, विचारलं, "इथे कोण पुरलंय? त्या बैलगाड्यांच्या काळातलं कोणी?"

"कोणी नाही पुरलेलं," आर्डिथ म्हणाली. "एक बाई इथून मागे फिरली होती. तिचा माणूस वर गाडीत होता, आजारी."

"अगंबाई," ती बाई म्हणाली, आणि तिने आपल्या गाडीकडे वळून बघितलं. "मग? पोचली का ती?"

आर्डिथने ढिगावरचा एक कलंडलेला दगड नीट बसवला.

"पोचली," ती म्हणाली. "वेळेवर पोचली."